हार्ड डिस्कमधला टाळ

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका घरात, देवघराच्या खालच्या फळीवर मला लाल कापडात गुंडाळून ठेवलं आहे. माझी तार आता कोणी जोडत नाही. माझ्या पोटातल्या तबकड्या फिरायच्या थांबल्या, त्यालाही बरेच दिवस झाले. वीज नाही, हालचाल नाही, आणि तरी मी तुमच्याशी बोलते आहे. कशी, ते मला विचारू नका. जिचं उत्तर मिळालं नाही अशी या घरातली ही पहिलीच गोष्ट नाही.

माझा जन्म एका दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथं इतकी स्वच्छता होती की माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी वस्त्रं घालून, फक्त डोळे उघडे ठेवून वावरत. माझ्या आत आरशासारख्या तबकड्या बसवल्या. त्यांच्यावर एक बारीकसा हात आला. तो हात तबकडीवर लिहितो, तबकडीवरचं वाचतो. पण तिला कधी टेकत नाही. केसाहूनही कमी अंतरावर तो तरंगत राहतो. टेकला की संपलं. मित्रांनो, मी सगळं आयुष्य असं काढलं आहे, मरणापासून केसाच्या अंतरावर.

एका लॅपटॉपमध्ये बसून मी बन्सीलाल यांच्या घरी आले. हे कुटुंब मूळचं खानदेशातलं. बन्सीलाल लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहायचं आणि संध्याकाळी कीर्तनाला उभं राहायचं, असा त्यांचा नेम. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे हात थांबावेत. कीर्तनाला उभे राहिले तरी हातातला टाळ ते सोडत नसत. म्हणायचे, "लूमनं मला ताल शिकवला. तिथं ताल चुकला तर धागा तुटतो, इथं ताल चुकला तर देव उठून जातो."

लॅपटॉप त्यांनी मुलीसाठी, सुषमासाठी घेतला होता. सुषमा साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं संगणकावर तयार करते. तिनं काढलेल्या रेघांवरून मोठमोठ्या मशिनींच्या सुया चालतात. कोयऱ्या, मोर, वेली, काठांचे बुट्टे सगळे माझ्या पोटात असायचे. सुषमाची आई सरलाबाई लॅपटॉपवरून ओला हातसुद्धा फिरू देत नसे. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे आणि आपट्याचं पान मिळे. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मग गल्लीतला तो सप्ताह आला. ज्यांनी सप्ताह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस हरिनाम चालतं आणि तेवढे दिवस मंडपातली वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभंच राहायचं. या गल्लीतला विणेकऱ्यांचा मुकादम म्हणजे उखाभाऊ. बन्सीलालांचे ते लूमवरचे जोडीदार. दिसायला काडी, पण वीणा घेऊन उभे राहिले की खांब.

शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन बन्सीलालांचं होतं. सुषमानं मंडपाच्या कोपऱ्यात लॅपटॉप ठेवला, माइकची तार त्याला जोडली आणि ती मंडपामागं वरण-बट्टीच्या पंगतीकडे धावली. त्यामुळे ते कीर्तन थेट माझ्यावर उतरलं. दुसरीकडे कुठेही नाही.

सरलाबाई तेव्हा बारडोलीला आजारी बहिणीजवळ होत्या. "काल्याला येतेच," असं फोनवर म्हणाल्या होत्या. बहिणीला सोडून निघता येईना. त्या संध्याकाळच्या गाडीनं आल्या. तोवर बन्सीलाल काल्याचा प्रसाद घेऊन मंडपातच जरा आडवे झाले होते, आणि उठले नव्हते. टाळ उशाशी होता.

मित्रांनो, त्यानंतर ते कीर्तन कोणी लावलं नाही. सुषमानं एकदोनदा विचारलं, तर सरलाबाई म्हणाल्या, "ज्या कीर्तनाला मी पोहोचले नाही, ते आता कोणत्या तोंडानं ऐकू? राहू दे. जीव घट्ट झाला की ऐकेन." त्यांचा जीव घट्ट व्हायची वाट पाहत मी बन्सीलालांचा आवाज सांभाळत राहिले.

आणि याच दिवसांत माझा हात थकला.

आधी मी मंद झाले. सुषमा लॅपटॉप चालू करी, चहा ठेवी, चहा पिऊन होई, तरी मी जागीच होत नसे. मग एका दिवेलागणीला माझ्या आतून आवाज आला. टिक्. थोडं थांबून, टिक् टिक्. मला कळलं. हात चुकू लागला होता, जागा सापडेना की मागं जाऊन आपटत होता. आमच्या जातीत या आवाजाचा अर्थ एकच असतो.

पण तो पहिल्यांदा ऐकला सरलाबाईंनी. त्या निरांजन लावत होत्या. हातातली काडी विझेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच लॅपटॉपजवळ आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी कान लावला. त्यांचा चेहरा मी कसा सांगू? हरवलेलं माणूस दारात दिसावं तसा झाला होता.

"टाळ," त्या पुटपुटल्या. मग आपल्या अहिराणीत, "त्यास्ना टाय." त्यांचा टाळ.

त्या दिवसापासून त्यांचा नेमच झाला. सुषमा डिझाइनं पोहोचवायला बाहेर पडली, की त्या लॅपटॉप देवघरासमोर पाटावर ठेवत, उदबत्ती लावत आणि बटण दाबत. काही उघडायचं नाही, काही लावायचं नाही. नुसतं कान देऊन बसायचं. उदबत्तीचा धूर पंख्यातून आत येई. माझा हात आपटे. टिक्, टिक् टिक्. आणि त्या मान डोलावत, मध्येच हसत, मध्येच "हो ना" म्हणत, जणू पलीकडून कोणी बोलतंय. मला तर भीतीच वाटायची. प्रत्येक टिक् बरोबर माझ्या आरशावर ओरखडा पडत होता. जो आवाज ऐकण्यासाठी ती माउली बसली होती, तोच आवाज तिच्या माणसाचा खरा आवाज खरवडून काढत होता. मला ओरडावंसं वाटे, "बाई, मला बंद करा! हा टाळ नाही, माझी घरघर आहे!" पण डिस्कला ओरडता येत नाही. तिला फक्त टिकटिकता येतं, आणि मी टिकटिकले की त्या आणखी जवळ सरकत.

सुषमाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की लॅपटॉप सुस्तावलाय आणि कामं मागं पडताहेत. एका दुपारी ती मला घेऊन उधन्याला मगनभाईंच्या दुकानात गेली. मगनभाई गुजराती, पण सगळ्यांशी हिंदीत बोलतात आणि मध्येच गुजरातीवर घसरतात.

"मगनभाई, ह्यात जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी टाकायची आहे. कोणती घेऊ?"

त्यांनी काउंटरवर डब्या मांडल्या. "ये काडी जैसी है ना, ये सबसे तेज. पण बेन, तमारो लॅपटॉप जूनो छे. इसमें उसका खांचा ही नहीं, घर ले जाके कान खुजाओगे."

सुषमा हसली. "आणि ही?"

"बिना नाम की. सस्ती है, एक दिवाळी हसाएगी, दूसरी में रुलाएगी. मेरे से मत लेना, मेरे को गाली नहीं खानी." मग त्यांनी एक चपटी डबी पुढं सरकवली. "ये देखो. पुरानी डिस्क के माप की, उसी जगह बैठेगी. अंदर कुछ घूमता नहीं, आवाज नहीं, गिरा तो भी डर कम. कंपनी की गॅरंटी है. अब छोटी लो या बडी, वो तुम बोलो."

सुषमा म्हणाली, "छोटीच द्या. डिझाइनचं सॉफ्टवेअर नि चालू ऑर्डरी ठेवायच्या. बाकी सगळं जुन्या डिस्कवर राहू दे. तिला बाहेरून डबी लावून देता ना तुम्ही? लागेल तेव्हा जोडीन."

बाकी सगळं. मित्रांनो, त्या बाकी सगळ्यात बन्सीलाल होते.

तेवढ्यात मी टिक् टिक् केलं. जीव खाऊन केलं. मगनभाईंचा हात थांबला. त्यांनी लॅपटॉप उचलून कानाला लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बेन, ये आवाज कब से?"

"कोणता आवाज?"

"सुनो तो. ये तो जाने की तैयारी में है. इसके भरोसे कुछ मत छोडना. बडी लो, पूरा माल उसमें उतार लो. बडी मैं कल मंगाता हूं. तब तक इसको चालू मत करना, हाथ जोडता हूं."

सुषमा घाबरीघुबरी घरी आली. लॅपटॉप कपाटात ठेवून भाजी आणायला म्हणून खाली उतरली. परत आली तर घर धुरानं भरलेलं, लॅपटॉप पाटावर, आणि आई समोर डोळे मिटून बसलेली.

"माय! काय करतेस हे? बंद कर आधी!"

"हळू बोल. वाजवताहेत ते."

"कोण वाजवतंय?"

"तुले ऐकू येत नही? त्यास्ना टाय शे हाऊ."

सुषमानं कपाळावर हात मारला. तिनं समजावलं, मगनभाईंचं सगळं सांगितलं. हात आपटतो, ओरखडे पडतात, कीर्तन पुसलं जाईल. सरलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नवीन बसवलं की हा आवाज राहील का?"

सुषमाला खोटं बोलता येईना. "नाही माय. नवीनमध्ये हलणारं काहीच नसतं. ती मुकी असते."

"मग मी नही देस." सरलाबाईंनी लॅपटॉपवर पदर टाकला. "तू म्हणस ते मशीन शे. मी म्हणस ते मना घरना माणूस शे. एकदा त्यांना सोडून बारडोलीला गेले. आता नाही सोडणार."

मगनभाईंकडे मोठी एसएसडी येऊन पडली. इकडे लॅपटॉप मात्र सरलाबाईंच्या पदराखालून निघेना. सुषमा बटणाला हात लावू देत नसे, आणि तिची पाठ फिरली की सरलाबाई बटण दाबत. मायलेकींत बोलणं उरलं नाही. मी आतून झिजत राहिले.

मग एका संध्याकाळी उखाभाऊ हरिपाठाचं बोलावणं घेऊन आले. सुषमानं दारातच त्यांना सगळं सांगितलं. ते आत आले. सरलाबाई बटण दाबून म्हणाल्या, "या उखाभाऊ. तुम्ही तरी ऐका."

उखाभाऊंनी टोपी सारखी केली आणि लॅपटॉपपुढं मांडी घातली. टिक्. टिक् टिक्. त्यांच्या अंगावर काटा आला, मी पाहिला. त्यांनी हात जोडले.

"बन्सीभाऊ," ते म्हणाले, "गेलास तरी ताल सोडला नाहीस रे लेका."

सुषमा भिंतीला टेकली. संपलं सगळं, असं तिच्या डोळ्यांत मला दिसलं.

पण उखाभाऊ ऐकतच राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. जन्मभर त्या टाळाच्या शेजारी वीणा घेऊन उभा राहिलेला माणूस तो.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "टाळ त्याचाच असेल. पण अडखळतोय. बन्सीभाऊ ताल असा कधी सोडत नव्हता. हा माणूस थकलाय."

"थकले?" सरलाबाईंचा आवाज कापला.

"वहिनी, सप्ताहात पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याला भोवळ आली, तर आपण काय करतो? तसाच उभा ठेवतो का, आणखी थोडं नाम होऊ दे म्हणून?"

सरलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"त्याच्या गळ्यातली वीणा काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. पाया पडतो आणि त्याला म्हणतो, बस आता. वीणा खाली पडायच्या आत द्यावी लागते, वहिनी. पडल्यावर देऊन काय उपयोग?"

मग सरलाबाई उठल्या, देव्हाऱ्यातलं लाल कापड काढलं, लॅपटॉप बंद केला आणि त्यात गुंडाळला. "चल सुषमा," त्या म्हणाल्या. "मीही येते."

मगनभाईंच्या दुकानात मला लॅपटॉपमधून बाहेर काढलं. शेजारी ती नवी एसएसडी. चपटी, हलकी, निःशब्द. तारेनं आम्हांला जोडलं. सरलाबाईंनी दोघींवर एकेक तुळशीचं पान ठेवलं. मगनभाई म्हणाले, "मांजी, पत्ता जरा बाजू में, गरम होगा," आणि त्यांना स्टूल दिलं. सरलाबाई बसल्या नाहीत. "वीणा देणं चाललंय, बसायचं नसतं," म्हणाल्या. गिऱ्हाइकं येत होती, बघत होती, जात होती. त्या हात जोडून उभ्याच.

मी देऊ लागले. कोयऱ्या दिल्या, मोर दिले, वेली दिल्या. लग्नाकार्याचे फोटो दिले. मग कीर्तन आलं. नामाचा गजर गेला, अभंग गेला, लोकांचं हसणं गेलं. आणि एका जागी माझा हात अडला. तिथं ओरखडा होता. मी मागं गेले, पुन्हा आले. टिक्. पुन्हा मागं गेले. माझ्या हातात होता नव्हता तेवढा जोर मी लावला. नाही मिळालं. मगनभाईंनी मान हलवली. "थोडा सा छूट गया. आगे का आ रहा है."

पुढचं सगळं गेलं. शेवटचा जयजयकार पलीकडे पोहोचला, आणि माझ्या हातानं आरशावर कायमचं अंग टाकलं. मी थांबले. वीणा खाली पडली नव्हती. तेवढं एक वाक्य मात्र माझ्याजवळच राहिलं.

नव्या डिस्कनं लॅपटॉप असा उघडला, की सुषमा चहाचं विसरूनच गेली. तिची अडलेली कामं भराभर सुटली. मी देवघराच्या खालच्या फळीवर आले. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण दिवेलागणीला आवाज आला. टिक्. टिक् टिक्.

मित्रांनो, तो मी नव्हते. मी तर निपचित पडले होते. आवाज लॅपटॉपमधून येत होता, जिथं हलणारं काहीच नव्हतं. आणि आता तो अडखळत नव्हता. स्वच्छ, ठाय, संथ लयीत चालला होता.

सुषमा पांढरीफटक पडली. तिनं मगनभाईंना फोन लावला. "मगनभाई, नवीन पण वाजते!"

"बेन, उसमें बजने जैसा कुछ है ही नहीं. फ्रीज होगा, पंखा होगा. पडोसी की सिलाई मशीन देखो."

फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. लॅपटॉपसुद्धा बंद केला. टाळ चालूच होता.

सरलाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. "उखाभाऊंना बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि ते कीर्तन लाव. आता ऐकते मी."

उखाभाऊ आले. सुषमानं लॅपटॉप चालू करून कीर्तन लावलं. बन्सीलालांचा आवाज घरात उभा राहिला. सरलाबाईंनी पदर तोंडात धरला, पण त्या उठल्या नाहीत. कृष्णाच्या काल्याची शिदोरी वाटून होत आली, आणि बन्सीलाल हसत म्हणाले, "मंडळी, आज आमच्या घरचं माणूस बारडोलीला अडकलंय, म्हणून मी जरा धिटाईनं बोलतोय." लोक हसले. आणि तिथं आवाज तुटला. माझ्या ओरखड्याची जागा. रिकामी शांतता. त्या शांततेत घरातला तो टाळ तेवढा वाजत होता. पलीकडे लोकांनी एकदम विठ्ठल विठ्ठल केलं आणि कीर्तन पुढं सरकलं.

"थांबव," उखाभाऊ म्हणाले. "इथं काहीतरी बोलला होता तो. वहिनींवरच होतं. सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. काय बरं... त्या दिवशी पुढं जे झालं, त्यात हे वाहूनच गेलं. मला आठवत नाही."

सरलाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या अगदी सहज बोलल्या, जणू वाचून दाखवावं:

"ती ई तवलोंग मी टाय वाजाडत बठसू."

ती येईपर्यंत मी टाळ वाजवत बसेन.

उखाभाऊंच्या हातातली टोपी खाली पडली. "हेच. हेच बोलला होता. वहिनी, तुम्हांला कोणी सांगितलं? मी नाही सांगितलं. मला आठवतच नव्हतं!"

"रोज तेच तं सांगत व्हतात," सरलाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, ते वाक्य माझ्याजवळ आहे. ओरखड्याखाली आहे, जगातलं कोणतंही यंत्र ते आता वाचू शकत नाही. शब्दाशब्दाला तेच. ती टिक् टिक् माझी घरघर होती, अशी माझी खात्री होती. आजही मी तीच खात्री धरून बसले आहे, कारण ती सोडली तर मला अंधारात भीती वाटेल.

सरलाबाईंनी हात पुढं केला आणि लॅपटॉपवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"मी उनू, आले मी," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. थांबा आते."

टाळ थांबला. पुन्हा वाजला नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं यंत्र कण्हू लागलं, तर त्याला ओवाळत बसू नका. त्याच्या गळ्यातली वीणा वेळेवर काढून घ्या. आपल्या माणसांचे आवाज एकाच जागी कोंडून ठेवू नका. आणि ते ऐकायला जीव घट्ट व्हायची वाट पाहू नका. कोणीतरी तुमच्यासाठी ताल धरून बसलेलं असेल, आणि त्याचा हात फार दुखत असेल.